ज्याचं जनावर, त्यानं आणावं

आंजी (मोठी),
५ ऑक्टोबर २०२५

चि. मोनाली,

जय भीम. पत्राच्या सुरुवातीला तब्येत बरी आहे असं लिहायची पद्धत आहे. माझी बरी नाही.

परवा दीक्षाभूमीवरून परत येताना बसमध्ये शेजारच्या कैलासनं मोबाईल माझ्यापुढे धरला. "मास्तर, पाहा, तुमची मोनाली." पाहिलं. तुझ्या खांद्यावर दोर होता आणि दोराच्या टोकाला मेलेला गोऱ्हा. तू आणि आणखी दोघं मिळून त्याला एका जाळीच्या आत ओढत नेत होता. खाली कोणी लिहिलं होतं, 'गिधाडांना मेजवानी'. मोबाईल बसभर फिरला. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी गेली दोन वर्षं गावात सांगत आलो की नात जंगलात पक्ष्यांवर संशोधन करते. तू मला एवढंच सांगितलं होतंस.

आता मी तुला सांगतो. माझे वडील छप्पन सालापर्यंत या गावाची मेलेली ढोरं ओढत. वरच्या आळीतून हाक यायची, "बैल पडला रे, उचला." ते जेवणावरून उठून जायचे. मी दहा वर्षांचा, कुत्री हाकलायला त्यांच्या मागे चालायचो. नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्याच आठवड्यात पुन्हा हाक आली. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आता नाई." बस, तेवढंच. त्यानंतर गावानं आम्हाला वावरात मजुरी दिली नाही, दुकानात मीठ दिलं नाही. आईनं त्या हिवाळ्यात ज्वारीच्या कण्यांवर आम्हाला जगवलं. पण वडील पुन्हा कोणाच्या ढोराला गेले नाहीत. त्या 'नाई'वर मी मास्तर झालो, तुझा बाप बँकेत लागला, तू एम. एस्सी. झालीस.

आणि तू पुन्हा दोर खांद्यावर घेतलास!

फोन करू नको. फोनवर तू रडतेस, मी ओरडतो, आणि तुझी आजी मधेच फोन हिसकून घेते. काही सांगायचं असेल तर लिही.

तुझा,
आबाजी

*

मुक्काम बोर,
१६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आबाजी,

सविनय जय भीम.

पत्र मिळालं. आमच्या कॅम्पमध्ये पोस्टमन येत नाही. हिंगणीच्या दुकानात ठेवून गेला होता. उभ्यानेच वाचलं, मग जीपमध्ये बसून पुन्हा वाचलं.

मी लपवलं, कारण तुम्ही हेच लिहाल हे मला माहीत होतं. पण लपवण्यासारखं मी काही केलेलं नाही.

तुमच्या लहानपणी गिधाडं किती होती हे तुम्हीच सांगू शकता. मी माझ्या लहानपणी एकही पाहिलं नाही. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायला लागले. जनावर मेलं की ते औषध मांसात राहतं, गिधाडानं खाल्लं की दोन-चार दिवसांत त्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि मान खाली टाकून ते झाडावरून पडतं. शंभरात एखाददुसरं उरलं. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी माणसांच्या बाटलीतून ते अजून गुरांना जातंच.

आमच्याकडे पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं आहेत. दूरच्या प्रजनन केंद्रात पिंजऱ्यातच जन्मली. त्यांनी कधी स्वतः अन्न शोधलेलं नाही. त्यांना आम्ही तपासलेलं, औषध नसलेलं जनावर देतो, म्हणजे ती एकत्र खायला शिकतील. पुढच्या महिन्यात दार उघडणार आहोत. प्रत्येकाच्या पंखावर नंबराची पिवळी पट्टी आहे आणि पाठीवर छोटं यंत्र, त्यावरून ती कुठे गेली ते कळतं.

आबाजी, पणजोबांना हाक मारून बोलावत होते. मला कोणी हाक मारत नाही. मी शिकून, निवडून, पगार घेऊन, हातमोजे घालून हे काम करते. दोर तोच असेल, पण तो मी उचललाय.

तुमची,
मोनाली

*

आंजी (मोठी),
२९ ऑक्टोबर २०२५

चि. मोनाली,

जय भीम. चांगलं लिहिलंस. वर्गात पहिला नंबर दिला असता.

एकच प्रश्न. तुझ्या त्या कॅम्पात ढोर ओढणारे किती जण आहेत? त्यातले आपले किती आणि बाकीचे किती?

उत्तर नुसतं आकड्यात दिलं तरी चालेल.

आबाजी

*

मुक्काम तळेगाव (श्यामजी पंत),
२८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आबाजी,

सविनय जय भीम.

महिनाभर लिहिलं नाही, रागावू नका. दार उघडलं! पहिले दोन दिवस एकही पक्षी बाहेर येईना. दार उघडं आणि सगळी आपली फांदीवर बसलेली. मग सात नंबरची मादी चालत चालत उंबऱ्याशी आली, बाहेर पाहिलं, आत गेली, पुन्हा आली. मी झाडाआड बसले होते. ती उडाली तेव्हा वेदश्री मॅडम, आमच्या प्रमुख, माझा हात इतका आवळून बसल्या होत्या की वळ उठले.

तेव्हापासून मी एका जागी नाही. सात नंबर बोरहून उठली, सेलूवरून फिरली, आता इथल्या डोंगरावर आहे. उद्या कुठे असेल सांगता येत नाही. आमचा ड्रायव्हर अंकुश म्हणतो, "मॅडम, आपण तिच्यामागं हिंडून राह्यलो का ती आपल्याले हिंडवून राह्यली?" परवा एका गावात लोकांनी तिला घेरलं होतं. पाठीवरचं यंत्र पाहून म्हणे कोणा देशाचा हेर आहे. तासभर समजावलं.

मला झोप लागत नाही. ती उपाशी आहे. उपाशी असली तरी काळजी, आणि कुठे खाली उतरली की त्याहून जास्त काळजी. समोरचं मांस कसलं आहे कोण जाणे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सवडीनं देते.

तुमची,
मोनाली

*

आंजी (मोठी),
४ डिसेंबर २०२५

चि. मोनाली,

जय भीम. सवडीनं म्हणजे काय ते मला समजलं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. ज्याला उत्तर येत नाही तो पान कोरं सोडतो, आणि ज्याला येतं पण लिहायचं नसतं तो 'सवडीनं' म्हणतो.

गावात कापूस वेचणी चालू आहे. तुझ्या आजीचा गुडघा धरतो. वरच्या आळीतल्या केशवचा बैल, तो तांबडा, आठ दिवसांपासून बसला आहे, उठत नाही. प्रेमदास रोज दोन वेळा इंजेक्शन टोचून राहिला. तो काही डॉक्टर नाही, पण गावात जनावरांचा डॉक्टर तोच. केशव बैलापाशीच बसून असतो, घरात जेवायला जात नाही. त्याची बायको मीराबाई ताट गोठ्यातच नेऊन देते.

गिधाडांचं विचारलं होतंस. होती. नदीकाठच्या सादड्याच्या झाडांवर इतकी बसायची की फांद्या वाकायच्या. मला त्यांची भीती वाटायची. ती केव्हा गेली ते मात्र आठवत नाही. कोणी गेलं की माणूस दिवस सांगतो. यांचा दिवस कोणालाच सांगता येत नाही.

आबाजी

*

आंजी (मोठी),
१२ डिसेंबर २०२५

चि. मोनाली,

जय भीम. परवा तू आलीस, अंधार पडेपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावून बसलीस आणि उजाडताच त्या पक्ष्याच्या मागे निघून गेलीस. चहासुद्धा धड घेतला नाहीस. तुझी आजी अजून पुटपुटते आहे. तू यायच्या आधी दिवसभर काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

सकाळी तुझा फोन आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. तू जय भीमही म्हणाली नाहीस. "आबाजी, भांडण मागून करू. केशवकाकाचा बैल मेला का?" मी म्हटलं, हो, काल. "कुठे टाकला?" नदीकाठी. मग तू म्हणालीस की तुझी सात नंबर रात्रीपासून आंजीतच आहे, तू पांढुर्ण्याला दुसऱ्या पक्ष्याच्या मागे गेली आहेस, माझं पत्र तू आत्ताच उघडलंस, आणि यायला दुपार होईल. "तिले खाऊ देऊ नका, आबाजी. कसंही करा." तुझा आवाज फाटला होता. छत्री घेतली आणि निघालो.

बैल उघड्यावर पडला होता. केशवनं आपल्या बौद्ध पुऱ्यातल्याच दोघांना मजुरी देऊन, ट्रॅक्टरला बांधून तो तिथे टाकवला होता. आणि वीसेक पावलांवर ती उभी होती. मोनाली, साठ-सत्तर वर्षांत मी गिधाड इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. उघडी मान, वाकलेले खांदे, पंखावर तुझी पिवळी पट्टी. दोन कुत्री बैलाच्या पोटाशी लागली होती. कुत्री हाकलली. मग ती पुढे सरकली. मी छत्री उघडून मधे उभा राहिलो.

ती उडून जात नव्हती. चार पावलं मागे जायची आणि दुसऱ्या बाजूनं यायची. मी त्या बाजूला. ऊन चढलं. पोरंटोरं, बाया, सगळे काठावर येऊन बघायला लागले. कोणी तरी हसलं. "मास्तर ढोर राखून राह्यले." ऐकलं मी. ऐकून तिथेच उभा राहिलो. बापानं सोडलेल्या कामावर आपण परत आलो की काय, असं एकदा मनात आलं. पण जागा सोडली नाही.

तुझी आजी आली. ती पक्ष्याकडे पाहून म्हणे, "बिचारी किती भुकेजली हाये! दुकानातून कोंबडी आनू का?" मी तिला म्हटलं, "कोंबडी नको, केशवले बोलाव. म्हन, खड्डा करा लागते."

केशवनं पोरगा पाठवला, साकेत. तो म्हणाला, "मास्तर, बाबा म्हनते, जेसीबीवाला आर्वीले गेला हाये, सांजेले येईन. नाई तं तुमच्या पुऱ्यातले दोघं पाठवतो खोदाले."

मी म्हटलं, "माणसं नको. बापाले म्हन, तू ये."

केशव आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बैलाकडे पाहीना. म्हणाला, "मास्तर, आमच्यात मेल्यावर हात लावत नाई."

"जित्ता होता तवा लागत होता ना हात? रात्रंदिवस त्याच्यापाशी बसून होता तू. मेल्यावर काऊन परका झाला?"

मला वाटलं चिडेल. चिडला नाही. मग खाली बसला आणि बैलाच्या कपाळावर हात ठेवून असा रडला की काठावरची पोरं गप्प झाली. उठला, साकेतच्या हातातलं फावडं घेतलं आणि खोदायला लागला. नदीची माती मऊ, पण बैल मोठा. साकेत लागला, मग कैलास आला, मग वरच्या आळीतले आणखी तिघं. चौघांनी पाय धरले, केशवनं डोकं धरलं. मी हात लावला नाही. मी छत्री घेऊन तिच्यासमोर उभा होतो. वरून मीठ टाकलं, माती टाकली, काटे टाकले.

ती सादड्यावर जाऊन बसली. त्यानंतर तू आलीस.

एक गोष्ट तुला परवा सांगायची हिंमत झाली नाही. मी पोचलो तेव्हा तिच्या चोचीला रक्त लागलेलं होतं. किती खाल्लं, मला माहीत नाही. दोन रात्री मला झोप नाही. काय ते कळव. वाईट असलं तरी कळव.

आबाजी

*

मुक्काम तळेगाव (श्यामजी पंत),
१८ डिसेंबर २०२५

आदरणीय आबाजी,

सविनय जय भीम.

फोनवर "ती बरी आहे" एवढंच सांगितलं. पूर्ण लिहिते.

रक्त मीही पाहिलं होतं, आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. आपण दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून चहा पीत होतो! तिसऱ्या दिवशी ती बाभळीवर मान खाली टाकून बसली. दगड मारून उठवू का, असं अंकुश म्हणाला, पण मी त्याला मारू दिला नाही. मी झाडाखाली बसले. मान खाली म्हणजे शेवट, हे मी स्वतः किती मीटिंगांमध्ये लोकांना सांगितलं आहे. सकाळी ऊन अंगावर आलं तशी तिनं मान उचलली, पंख पसरून वाळवले आणि गेली. आता डोंगरावर घिरट्या घालते आहे. तिनं थोडंच खाल्लं असणार. तुम्ही उभे राहिलात म्हणून थोडंच.

चार नंबर मात्र गेला. पांढुर्ण्याकडे एका संत्र्याच्या बागेत सापडला. मी आंजीला आले त्याच दिवशी. मी तिथे थांबले असते तर, हा विचार डोक्यातून जात नाही. तुम्ही त्यावर काही लिहू नका.

आता तुमचा प्रश्न. तीन. तिघंही आपलेच. मी धरून चार. व्हिडिओ काढणारे बाकीचे होते. मला दोन वर्षं हे दिसलं नाही, किंवा दिसलं आणि मी नजर फिरवली. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मला कॅम्पात नीट बसवेना. शेवटी गेल्या सोमवारी मीटिंगमध्ये तुमचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. एक जण म्हणाला, "त्यांना सवय आहे म्हणून." मी विचारलं, कोणाची सवय? मग वेदश्री मॅडमनी पाळ्या लावल्या. सगळ्यांच्या. पहिली पाळी त्यांनी स्वतःची लिहिली.

आबाजी, आता एक मागते. सात नंबर पुन्हा पुन्हा आंजीवर फिरते. नदीपलीकडच्या गायरानात चांगलं, तपासलेलं जनावर ठेवायला जागा मिळाली तर ती विषारी मांसाकडे जाणार नाही. ग्रामसभेचा ठराव लागतो. तुम्ही बोलाल का? नाही म्हणालात तरी मी समजून घेईन.

तुमची,
मोनाली

*

आंजी (मोठी),
२७ जानेवारी २०२६

चि. मोनाली,

जय भीम. काल झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. सव्वा महिना मी तुला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रोज नदीपर्यंत फिरून यायचो आणि काय बोलायचं ते ठरवून यायचो, घरी आलो की मोडायचो.

मी उभा राहिलो आणि गिधाडांचं सांगितलं. औषधाचं सांगितलं. प्रेमदास मागे बसला होता. म्हणाला, "बैल तडफडते तवा मी काय पाहात बसू?" त्याचंही खरं आहे. तुझ्या वेदश्री मॅडमनी दुसरं औषध कळवलं होतं, त्यानं गिधाडं मरत नाहीत. त्याचं नाव त्याला दिलं. तो कुरकुरत हो म्हणाला.

सरपंच समीक्षाताईंनी विचारलं, जागेला कोणाची हरकत आहे का. नव्हती. मग मागून एक जण अगदी गोड आवाजात म्हणाला, "चांगलं काम हाये. जनावर नेऊन टाकाले मास्तरच्या पुऱ्यातले दोघं ठेवून घेऊ. ग्रामपंचायत पगार देईन."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. म्हणूनच माझ्या पाठीतून कळ गेली. वडील दारात कसे उभे राहिले असतील ते मला काल कळलं.

मी म्हटलं, "नाई. ज्याचं जनावर, त्यानं आणावं. मान्य असन तं ठराव करा. नसन तं गिधाडं नको मले, न तुमची जागा नको."

समीक्षाताई कागदाकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, तुझं काम मी आज बुडवलं. तेवढ्यात केशव उभा राहिला. "मी नेलं हाये माह्या बैलाले. हात झडला नाई माहा." आणि बसला. त्याच्यामागे मीराबाईनं हात वर केला, मग बाकीच्यांनी. सगळ्यांनी नाही. पण ठराव झाला.

आबाजी

*

मुक्काम बोर,
९ फेब्रुवारी २०२६

आदरणीय आबाजी,

सविनय जय भीम.

ठरावाची बातमी वाचून मी कॅम्पात सगळ्यांना पेढे वाटले. पण आज दुसरंच लिहायला बसले आहे.

सात नंबरचं यंत्र बंद पडलं. आठवडा होऊन गेला. शेवटचा ठिपका आष्टीच्या पुढच्या जंगलात आहे. तिथे तीन दिवस हिंडलो, पीस नाही, काही नाही. यंत्र बिघडलं असेल असं मॅडम म्हणतात. विजेच्या तारेला लागली असेल असं मला वाटतं. रोज मोबाईल उघडते आणि तोच जुना ठिपका.

गायरानात कोणी जनावर ठेवलं का? नजर असू द्या.

तुमची,
मोनाली

*

आंजी (मोठी),
२३ फेब्रुवारी २०२६

चि. मोनाली,

जय भीम. काल मी फोनवर "सात नंबर आली" एवढं म्हणालो आणि तू किंचाळून फोन ठेवून दिलास. नंतर लागला नाही. अंकुशच्या जीपमध्ये बसली असशील. तू निम्मंच ऐकलंस. उरलेलं लिहितो. तू हे वाचण्याआधी इथे पोचशील, तरी लिहितो, कारण तोंडानं मला नीट सांगता येणार नाही.

गुरुवारी वरच्या आळीतल्या एकाची म्हातारी गाय गेली. सरकारी डॉक्टरांनी पाहून दिली, कसलंही औषध चढलेलं नव्हतं. तो आणि त्याची बायको दोघं बंडीवर घालून गायरानात घेऊन आले; मी तिथेच बसलो होतो. बायकोनं गाईला कुंकू लावलं. त्यानं एकट्यानं उतरवायला पाहिलं, जमेना. माझ्याकडे पाहिलं, पण बोलला नाही. मीच उठलो आणि मागचा पाय धरला. मला कोणी हाक मारली नव्हती.

तीन दिवस नुसते कावळे. मी सकाळ-संध्याकाळ या काठावर बसायचो. तुझ्या आजीला वाटायला लागलं की म्हाताऱ्याचं काही तरी बिनसलं. काल ऊन तापल्यावर खूप वर एक काळा ठिपका दिसला. घार असेल म्हटलं. ठिपका खाली आला. मोठा झाला. तीच. पिवळी पट्टी, सात. पाठीवरच्या यंत्राची तार वाकलेली. उतरली आणि थेट गाईवर गेली, जसं कोणी आपल्या घरात जातं.

हे तू ऐकलंस. आता पुढचं.

मी फोन खिशात ठेवला आणि वर पाहिलं. आणखी एक उतरत होतं. सात नंबरपेक्षा मोठं, सावकाश. खाली आल्यावर त्यानं पंख उघडून धरले, तेव्हा पाठीवर पांढराशुभ्र पट्टा दिसला. तुझे पक्षी लहान आहेत, त्यांना अजून तो आलेला नाही, तूच सांगितलं होतंस. मी डोळे पुसले, चष्मा पुसला. मग चपला हातात घेऊन नदीत उतरलो आणि गुडघाभर पाण्यातून जितकं जवळ जाता येईल तितकं गेलो. ती दोघं शेजारी शेजारी खात होती.

मी त्याचे दोन्ही पंख पाहिले. पट्टी नव्हती. पाठीवर यंत्र नव्हतं. पायात कडं नव्हतं. ते तुमचं नव्हतं, बेटा. कोणाचंच नव्हतं.

आबाजी